नेटरनर (सायबरपंक २०७७)

नेटरनर म्हणजे सायबरपंक २०७७ या गेममधला हॅकर. गेम पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा, १० डिसेंबर २०२० ला आला, पण नेटरनर हा प्रकार त्याच्या बराच आधीचा आहे, माइक पॉन्डस्मिथ यांनी १९८८ मध्ये काढलेल्या आणि टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या सायबरपंकमधून हे सगळं जग आलंय. हॅकर म्हटलं की हुडी घालून अंधारात कीबोर्ड बडवणारा पोरगा डोळ्यासमोर येतो, इथे तसलं काही नाही, कीबोर्डच नाही. मशीन शरीरात बसवलेलं, केबल मनगटातून निघते, आणि नाइट सिटीत, म्हणजे गेममधल्या शहरात, जवळपास प्रत्येकाच्या अंगात काही ना काही यंत्र असल्यामुळे दरवाजे आणि कॅमेऱ्यांसारखी माणसंही हॅक होतात.

मुख्य सामान म्हणजे सायबरडेक, हॅकिंगचं मशीन ते हेच. हा रिपरडॉककडे, म्हणजे सायबरवेअर (शरीरातली यंत्रं) बसवणाऱ्या डॉक्टरकडे जाऊन बसवायचा, आणि तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या एकमेव जागेत बसतो, इथेच खरी गोची आहे. त्याच जागेत सँडेविस्तान बसतं जे वेळ संथ करतं, त्याच जागेत बर्सर्क बसतं जे हाणामारीसाठी आहे, त्यामुळे डेक घेतला की या दोन्हींवर पाणी सोडायचं. सुरुवातीला आपल्या व्ही या पात्राकडे मिलिटेकचा पॅरालाइन नावाचा अगदी साधा डेक असतो. पुढे अरासाका, रेव्हन, टेट्राट्रॉनिक वगैरे कंपन्यांचे डेक मिळतात, आणि विकत घेताना नावापेक्षा दोन गोष्टी बघायच्या, रॅम किती आणि क्विकहॅक, म्हणजे समोरच्यावर झटपट टाकायचे हॅक, ठेवायच्या जागा किती.

कारण नेटरनरचं सगळं चालतं ते रॅमवर. बंदूकवाल्याला गोळ्या मोजाव्या लागतात तशी इथे रॅम मोजायची, प्रत्येक क्विकहॅकची किंमत ठरलेली, वापरली की कमी होते आणि मग हळूहळू भरते. पिंग स्वस्त, भिंतीपलीकडे कोण कोण उभंय ते दाखवतो. रीबूट ऑप्टिक्सने समोरच्याचे डोळे काही सेकंद बंद पडतात, तेवढ्यात त्याच्या नाकासमोरून निघून जायचं. शॉर्ट सर्किट, ओव्हरहीट हे थेट इजा करणारे, कंटेजन विषासारखा एकाकडून शेजारच्याकडे पसरतो. सगळ्यात महाग ते अल्टिमेट, त्यात सायबरसायकोसिस टाकला की गार्ड आपल्याच माणसांवर तुटून पडतो आणि आपण लांब गाडीमागे बसून बघत राहायचं, गंमत आहे पण रॅमचा खडखडाट होतो. नवीन खेळणारे हमखास एक चूक करतात, पहिल्या दोघांवरच सगळी रॅम उधळतात आणि तिसरा धावत आला की हातात पिस्तूलसुद्धा चांगलं नसतं. म्हणून नेटरनरने एखादं स्मार्ट वेपन जवळ ठेवावं, त्याच्या गोळ्या स्वतःच टार्गेट शोधतात, नाहीतर मोनोवायर, म्हणजे हातातून निघणारी धारदार तार.

ब्रीच प्रोटोकॉल, म्हणजे समोरच्या नेटवर्कमध्ये घुसणं, हा यातला कोड्याचा भाग. समोर चौकोनात १सी, ५५, बीडी, ई९, ७ए असे कोड मांडलेले असतात, पहिला कोड वरच्या आडव्या ओळीतून उचलायचा, मग तो ज्या उभ्या ओळीत होता तिच्यातून दुसरा, मग परत आडवा, परत उभा. बाजूला डीमन, म्हणजे घुसल्यावर चालवायचे छोटे प्रोग्राम, दिलेले असतात, प्रत्येकाची कोडची रांग वेगळी, आणि आपल्या बफरमध्ये, म्हणजे उचललेले कोड ठेवायच्या जागेत, मोजकेच कोड मावतात. समजा एका डीमनला १सी बीडी हवंय आणि दुसऱ्याला बीडी ५५ ई९, तर पाच कोड लागतील असं वाटतं, पण पहिल्याचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असल्याने १सी बीडी ५५ ई९ अशा चारात दोन्ही बसतात. घड्याळ पहिला कोड उचलल्यावरच सुरू होतं, त्यामुळे आधी हात न लावता शांतपणे बोटाने स्क्रीनवर वाट आखून घ्यायची, हे कळायला कित्येकांना अर्धा गेम लागतो. आइसपिक डीमन लागला तर पुढचे क्विकहॅक स्वस्त पडतात, डेटामाइनमधून पैसे आणि क्विकहॅक बनवायचं सामान मिळतं.

कौशल्याचं म्हणाल तर सगळा भार पात्राच्या इंटेलिजन्स या गुणावर, तो २० पर्यंत जातो. आधी त्याखाली ब्रीच आणि क्विकहॅकिंग अशी दोन वेगळी स्किल्स होती, सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने ती मोडीत काढली आणि नेटरनर हे एकच स्किल ठेवलं. मला विचाराल तर बरंच झालं, जुन्या स्किलच्या झाडात निम्मे पर्क, म्हणजे पॉइंट देऊन घ्यायच्या खास क्षमता, नुसते टक्केवारी वाढवणारे होते. नव्यातला खरा दम ओव्हरक्लॉक या पर्कमध्ये, तो चालू केला की रॅम संपल्यावरही हॅक टाकता येतात, फक्त किंमत आपल्या हेल्थमधून जाते, म्हणजे अंगातलं रक्त देऊन हॅक. मेलात तर तक्रार कुणाकडे करणार. गाड्या हॅक करायचा कारहॅकर पर्कही याच अपडेटचा.

एक लक्षात ठेवायचं, हॅकिंग एकतर्फी नसतं. आपण लपून एकामागून एक हॅक टाकत बसलो की समोरचे सिग्नलचा माग काढायला लागतात आणि पट्टी भरली की त्यांना आपली जागा कळते. त्यांच्यातही नेटरनर असतात, अचानक स्क्रीनवर आपल्यावरच ओव्हरहीट अपलोड होताना दिसतो, तेव्हा आधी तो बाबा कुठे दडलाय ते शोधून त्यालाच आडवा करायचा. सेल्फ आइस नावाचं सायबरवेअर असलं तर असा हल्ला परस्पर अडतो.

एवढं सगळं मात्र शहरातल्या छोट्या नेटवर्कपुरतं. गेमच्या कथेत २०२२ मध्ये रेश बार्टमॉस या नेटरनरच्या डेटाक्रॅश व्हायरसने जुना नेट, म्हणजे जगभरचं जाळं, पार उद्ध्वस्त केला, मोकाट सुटलेले एआय तिथे राहिले आणि नेटवर पहारा ठेवणाऱ्या नेटवॉच या संस्थेने मध्ये ब्लॅकवॉल नावाची डिजिटल भिंत उभी केली. नेटमध्ये खोल जायचं तर शरीर इतकं तापतं की थंड ठेवावं लागतं, शहराच्या पॅसिफिका भागात व्हूडू बॉइज ही नेटरनरांची टोळी व्हीला चक्क बर्फाच्या टबात झोपवते. फँटम लिबर्टी या गेमच्या जोडभागात तर मिलिटेक कँटो नावाचा डेक आहे, त्याच्यासोबत ब्लॅकवॉल गेटवे हा क्विकहॅक येतो आणि एकावर टाकला की आजूबाजूच्यांनाही घेऊन जातो. पण तो सगळ्यांना मिळत नाही, कथेत एका ठरावीक वळणावर ठरावीक बाजू घेतली तरच, आणि तेव्हाही तो घ्यायचा की एरेबस ही बंदूक, यातलं एकच निवडावं लागतं.