चेतापेशी घडताना जनुकं गप्प कशी राहतात? सिकलसेलपासून रेटपर्यंतची पार्श्वभूमी

नागपुरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली चाचणी अनेकांनी पाहिलेली असते. नळीतल्या द्रावणात थोडं रक्त घालायचं, मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की पुढची तपासणी आलीच. या आजारावरच्या जनुक-उपचारांच्या बातम्यांत बीसीएल11ए हे नाव वारंवार येतं. गर्भातलं हिमोग्लोबिन तयार करणारी जनुकं जन्मानंतर बंद ठेवणारं हे प्रथिन. ते हटवलं तर गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. संशोधक स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने 2008 मध्ये हे दाखवलं.

मात्र हेच प्रथिन मेंदूच्या जडणघडणीतही लागतं. ज्या मुलांत या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त आढळतं आणि बौद्धिक विकासही मागे पडतो. म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मंजूर केलेल्या उपचारात हे जनुक शाबूत ठेवतात. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, लाल पेशींपुरतंच त्याला चालू करणारा डीएनएचा तुकडा तेवढा मोडतात. विदर्भातल्या वाचकांनी हा बारकावा नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण जनुक बंद करणाऱ्या प्रथिनांचं सगळं गणित त्यात आहे: काम कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी आणि कोणत्या जोडीदारासोबत चाललंय, यावर परिणाम ठरतो.

चेतापेशींच्या बाबतीत हे कोडं 1995 मध्ये उलगडायला लागलं. सोडियम वाहिनीसारखी (पेशीत सोडियम सोडणारं दार) चेतापेशींची खास जनुकं यकृताच्या पेशीतही असतात, मग तिथे ती चालू का होत नाहीत? गेल मँडेल आणि डेव्हिड अँडरसन यांचे संशोधक गट वेगवेगळ्या वाटांनी ती बंद ठेवणाऱ्या एकाच प्रथिनापाशी पोहोचले. एकाने त्याला रेस्ट म्हटलं, दुसऱ्याने एनआरएसएफ. या जनुकांजवळ साधारण 21 अक्षरांचा एक ठरावीक डीएनए क्रम असतो, त्यावर रेस्ट जाऊन बसतं.

नुसतं बसून मात्र फार काही होत नाही. रेस्टचं एक टोक सिन3 या प्रथिनाला धरतं, दुसरं टोक को-रेस्टला. दोघंही आपल्यासोबत एचडॅक विकरं आणतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरचे अ‍ॅसिटिल नावाचे रासायनिक गट ही विकरं काढून टाकतात. मग गुंडाळी घट्ट होते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरणं अवघड जातं. को-रेस्टसोबत एलएसडी1 हे विकरही असतं. हिस्टोनवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा ते पुसतं, हे 2004 मध्ये कळलं.

2005 मध्ये मँडेल यांच्या गटाने ही टोळी टप्प्याटप्प्याने कशी पांगते ते दाखवलं, आणि माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात देखणं काम तेच. भ्रूणाच्या मूळपेशीत रेस्ट भरपूर असतं. पेशी चेतापेशीच्या वाटेला लागली की पेशीच ते मोडू लागते. जनुकं बंद राहतील इतकंच उरतं. शेवटी तेही जातं आणि बरीचशी जनुकं उघडतात. पण चेतापेशी जगवणारं प्रथिन बनवणाऱ्या बीडीएनएफसारखी काही जनुकं तेव्हाही पूर्ण मोकळी होत नाहीत. त्यांच्यावर को-रेस्ट टिकून असतं, आणि डीएनएवरच्या मिथाइल खुणांना धरून मेसीपी2 हे प्रथिन बसलेलं असतं. पेशी उत्तेजित झाली की मेसीपी2 सुटतं आणि जनुकाचं काम वाढतं.

हे मेसीपी2 एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये सापडलं होतं. 1999 मध्ये हुडा झोगबी यांच्या गटाने रेट सिंड्रोमचं मूळ त्याच्याच जनुकात शोधलं. हा आजार बहुतेक मुलींत दिसतो. सुरुवातीचे काही महिने वाढ ठीक वाटते, पुढे बोलणं आणि हातांचा हेतुपूर्वक वापर हरवतो. 2007 मध्ये बर्ड यांच्या गटाने उंदरांत बंद ठेवलेलं हे जनुक पुन्हा चालू केलं, तेव्हा वाढलेली लक्षणंही मागे हटली. 2013 मध्ये त्याच गटाने दाखवलं, की रेटमधले काही बदल मेसीपी2 आणि एनकोर या जनुक बंद ठेवायला मदत करणाऱ्या जोडीदार प्रथिनातला दुवा तोडतात.

जनुक बाहेरून पुरवावं, हा विचार यातूनच पुढे आला. पण मेसीपी2 दुप्पट झालं तरी वेगळा गंभीर आजार होतो, हे 2005 पासून माहीत आहे. त्यामुळे रेटवरच्या जनुक-उपचारात सगळी कसोटी मात्रेची आहे: प्रत्येक चेतापेशीत पुरेसं प्रथिन पोहोचावं, आणि ते जास्तही होऊ नये.