लिब्रेऑफिस वेगळं होण्याआधीची दहा वर्षं

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पात आपला पॅच (कोडमधला बदल) मूळ कोडमध्ये जावा म्हणून खटपट करत राहायची, की फोर्क करून, म्हणजे त्याच कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडायची? हा विषय निघाला की लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचा दाखला हमखास येतो. ओपनऑफिसचा कारभार पाहणारी सन कंपनी ओरॅकलने घेतली, लोक बाहेर पडले, फोर्क यशस्वी झाला, एवढ्यावर गोष्ट आटोपते. त्याआधीचं दशक मात्र कुणी सांगत नाही.

ओपनऑफिसचं मूळ असलेलं स्टारऑफिस हे स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीचं. सनने ती 1999 मध्ये विकत घेतली आणि 2000 मध्ये कोड खुला करून ओपनऑफिस.ऑर्ग सुरू केलं. परवाना खुला असला तरी कारभार सनच्या हाती होता. बाहेरच्या कुणाचा कोड मुख्य प्रकल्पात जायचा तर कॉपीराइटमध्ये सनला भागीदार करून घेणाऱ्या करारावर सही करावी लागे. तो कोड मग सन आपल्या विकाऊ स्टारऑफिसमध्येही वापरू शकत असे. काहींना हे चालायचं, काहींना नाही.

ज्यांचं पटत नव्हतं त्यांनी लगेच फोर्क केला नाही. आधी झिमियन आणि पुढे नॉव्हेल या कंपन्यांमध्ये असलेले मायकल मीक्स व त्यांचे सहकारी ‘ओओओ-बिल्ड’ नावाचा पॅचांचा संच सांभाळत. सनची नवी आवृत्ती आली की हे सगळे पॅच तिच्यावर पुन्हा बसवायचे. काम कंटाळवाणं, आणि न संपणारं. पुढे यालाच ‘गो-ओओ’ हे नाव मिळालं. डेबियन, उबुंटू, सुसे ही लिनक्सची डिस्ट्रिब्युशन्स (सॉफ्टवेअरसकट तयार संच) हीच आवृत्ती देत. त्या काळी उबुंटूवर ‘ओपनऑफिस’ उघडणारे आपल्यातले बरेच जण नकळत अर्धा फोर्कच वापरत होते!

माझ्या मते लिब्रेऑफिसचं यश या हमालीत आहे. 2010 च्या जानेवारीत सन ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी सनच्या ओपनसोलारिस या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम ओरॅकलने बंद पाडलं. तेव्हा ओपनऑफिसवाल्यांकडे नुसता राग नव्हता. कोडची सवय असलेली माणसं होती, आणि त्यांचं काम आधीपासून वापरणारी डिस्ट्रिब्युशन्सही होती. 28 सप्टेंबर 2010 रोजी त्यांचं डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर झालं. फोर्कचं ‘लिब्रेऑफिस’ हे नाव तेव्हा तात्पुरतं होतं. मूळ नाव द्या, अशी विनंती ओरॅकलला केली होती. ओरॅकलने नाव दिलं नाहीच, उलट प्रकल्पाच्या समितीत असलेल्या फाउंडेशनच्या लोकांना पायउतार व्हायला सांगितलं. लिब्रेऑफिस 3.3 जानेवारी 2011 मध्ये आलं.

जून 2011 मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसचा कोड आणि नाव अपाचे फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेला देऊन टाकलं. इथे परवान्याने खेळ फिरवला. अपाचेचा परवाना सैल, त्यामुळे तिथला कोड लिब्रेऑफिसला उचलता येई. लिब्रेऑफिसचा एलजीपीएल या जास्त अटींच्या परवान्याखालचा कोड मात्र अपाचेला आपल्या धोरणामुळे घेता येत नव्हता. 2016 मध्ये ओपनऑफिस प्रकल्प बंद करावा का, यावर अपाचेमध्ये उघड चर्चा झाली. नावाचं वजन मात्र उरलंच. 2020 मध्येही डॉक्युमेंट फाउंडेशनला जाहीर पत्र लिहून, वापरकर्त्यांना लिब्रेऑफिसची माहिती द्या, असं अपाचे ओपनऑफिसला सांगावं लागलं.

एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात नेमकं उलटं घडलं. 2011 मध्ये बऱ्याच डेव्हलपरांनी फुटून लिबएव्ही काढलं. डेबियन आणि उबुंटू त्यांच्यामागे गेले. परवाना दोघांचा सारखाच होता, म्हणजे कोड दोन्हीकडे जाऊ शकला असता. पण मूळ प्रकल्पात राहिलेले मिखाएल नीडरमायर लिबएव्हीतले बदल सातत्याने आपल्याकडे मर्ज करत राहिले, लिबएव्हीने तसं केलं नाही. त्यामुळे एफएफएमपेगमध्ये दोन्हीकडचं काम जमत गेलं. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा मुद्दाही होताच. 2015 मध्ये डेबियन एफएफएमपेगकडे परतलं.