ताटातलं लोह अंगी का लागत नाही?

हिमोग्लोबिन कमी आलं की घरात आधी बीट येतं, मग डाळिंब, मग खजूर. लाल रंगाचं खाल्लं की रक्त वाढतं, असा आपला पिढीजात समज. प्रत्यक्षात 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं आणि डाळिंबात तर त्याहून कमी. बिटाचा लाल रंग बीटालेनचा, डाळिंबाचा अँथोसायनिनचा. त्यांचा हिमोग्लोबिनशी काही संबंध नाही. खायला दोन्ही उत्तम आहेत, जरूर खावीत. पण लोहासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवली तर दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये तोच आकडा दिसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा 54 टक्के. यात केवळ उपाशी राहणाऱ्या घरांतल्या बायका नाहीत. दोन वेळा पोटभर जेवणाऱ्याही आहेत.

आधी शरीराचा हिशोब बघू. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर काढून घेतं आणि नव्या पेशीत घालतं. अशी रोज 20 ते 25 मिलिग्रॅमची उलाढाल आतल्या आतच चालते. बाहेरून लागतं ते फक्त झिजेपुरतं: पुरुषाला दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या स्त्रीला सरासरी दीडच्या आसपास, आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर आणखी.

मग राष्ट्रीय पोषण संस्था स्त्रियांना रोज 29 आणि पुरुषांना 19 मिलिग्रॅम लोह खायला का सांगते? कारण आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातलं बहुतेक लोह आतड्यातून रक्तात जातच नाही. शंभरातले पाच ते आठ भाग शोषले जातात, बाकीचे शौचावाटे बाहेर. मटण, कलेजी, मासळीतलं हीम लोह (रक्त-स्नायूंतल्या प्रथिनांत बांधलेलं) 15 ते 35 टक्के शोषलं जातं, आणि गंमत म्हणजे त्याच ताटातल्या भाकरी-डाळीचं लोहही मांसाच्या सोबतीने जास्त आत जातं. शाकाहारी ताटाला ही सोय नाही, म्हणून तिथे जेवणाची जुळणी महत्त्वाची.

ताटात मुळात लोह किती आहे, हे तपासायला आकडे हाताशी असलेले बरे. 2017 च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या जिनसात बाजरीत साधारण 6.4 मिलिग्रॅम, नाचणीत 4.6, गव्हाच्या कणकेत 4.1, ज्वारीत 4 आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम 0.65. मटकीत जवळपास 8, तूरडाळीत 4 च्या आत. मेथीच्या पाल्यात 5.7, पालकात 3. लोहाची भाजी म्हटलं की सगळ्यांना पालकच आठवतो, पण मेथी त्याच्या जवळपास दुप्पट आहे आणि लाल माठ तर मेथीच्याही पुढे. आता दोन ताटं मांडा. तीन पोळ्या (90 ग्रॅम कणीक), थोडा भात, वरण आणि बटाट्याची भाजी: सहा मिलिग्रॅमच्या आसपास. बाजरीच्या दोन भाकऱ्या (120 ग्रॅम पीठ), 40 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, 100 ग्रॅम मेथीची भाजी, आमटी: सतरा-अठरा. पोट दोन्हींनी तेवढंच भरतं.

अळीव आणि गुळाबद्दलही सांगायला हवं, कारण बाळंतिणीच्या खोलीत दोघांचा मान मोठा. अळिवाचा जुन्या तक्त्यांतला आकडा 100 ग्रॅमला 100 मिलिग्रॅम होता आणि तो अजून सगळीकडे फिरतो. नव्या मोजणीत तो 17 वर आला. म्हणजे चमचाभर (5 ग्रॅम) अळिवातून एक मिलिग्रॅमपेक्षा थोडं कमी लोह मिळतं. वाईट नाही, पण चमत्कारही नाही. गुळाचा 10 ग्रॅमचा खडा अर्धा मिलिग्रॅमही देत नाही. गूळ-शेंगदाण्यात लोहाचं काम दाणे करतात, गूळ चवीला.

आता खरा प्रश्न शोषणाचा. लोहाची दोन रूपं, फेरिक आणि फेरस; वनस्पतींतलं लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असतं, आणि लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आद्यांत्रात, पेशीत शिरायला ते फेरस व्हावं लागतं. त्यात धान्य-कडधान्यांच्या सालीतलं फायटिक आम्ल (फायटेट) त्याला घट्ट पकडून ठेवतं. हे दोन्ही अडसर काढणारा स्वस्त उपाय म्हणजे क जीवनसत्त्व: ते फेरिकचं फेरस करतं आणि लोहाला फायटेटच्या तावडीतून सोडवून विरघळलेलं ठेवतं. एका जेवणात 25 ते 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असेल तर शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. अट एकच, ते त्याच जेवणात हवं. सकाळी मोसंबी आणि दुपारी भाकरी, याचा लोहाला उपयोग नाही.

पानाच्या डाव्या बाजूला लिंबू, कोशिंबीर, चटणी वाढायची पद्धत म्हणून फार शहाणी. फक्त प्रमाण बघा. मध्यम लिंबाचा रस 20 ते 25 मिलिलिटर निघतो आणि त्यात 10 ते 12 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. म्हणजे पोह्यांवरची ती एक पातळ फोड दोन-तीन मिलिग्रॅमची. अख्खं लिंबू पिळा, नाहीतर दुसरं काही जोडीला घ्या. अर्धा पेरू (50 ग्रॅम) 100 मिलिग्रॅमच्या आसपास देतो, एक मध्यम आवळा तितकंच. कच्च्या कोबीची वाटीभर कोशिंबीर किंवा दोन टोमॅटो 25-30 पर्यंत नेतात. उष्णतेने आणि हवेने हे जीवनसत्त्व मरतं, म्हणून उकळत्या आमटीत लिंबू पिळून फायदा नाही, पानात पिळायचं. कोशिंबीर सकाळी चिरून दुपारी खाल्ली तरी बराच भाग गेलेला असतो. आवळ्याच्या मोरावळ्यात शिजवण्यामुळे थोडंच उरतं, तेव्हा हंगामात कच्चा आवळा किसून मीठ लावून घेणं जास्त बरं.

भाकरीसोबत कच्चा कांदा किंवा लसणाची चटणी? म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रयोगशाळेत धान्य-डाळींवर कांदा-लसूण घालून पाहिलं, तेव्हा शोषणाला उपलब्ध होणारं लोह वाढलं. ही चाचणी परीक्षानळीतली, माणसांवरची नव्हे. तरी शेतावरच्या न्याहारीला नावं ठेवायचं कारण नाही.

फायटेट कमी करायचे रस्ते आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. मटकी, मूग 8 ते 10 तास भरपूर पाण्यात भिजवायचे, ते पाणी टाकून द्यायचं, ओल्या फडक्यात बांधून 12 ते 24 तास ठेवायचं. मोड येताना बियांतलं फायटेज हे विकर जागं होतं आणि फायटेट मोडायला लागतं; वर थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. थंडीत मोड यायला उशीर लागतो, उन्हाळ्यात तेवढ्याच वेळात कडधान्य चिकट होऊन वास मारतं. मग गरगटत शिजवून वापरू नका, टाकून द्या. भिजवायला वेळच नसेल तर डाळ धुऊन अर्धा तास भिजवून पाणी ओतणं हाही बरा मार्ग, पण मोडांच्या तोडीचा नाही. नाचणीची आंबील याच तत्त्वावर चालते: दोन चमचे पीठ कपभर पाण्यात कालवून, त्यात चमचाभर ताक घालून रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी शिजवायचं. आंबताना फायटेट घटतं. त्याच पिठाची ताबडतोब केलेली भाकरी तितकं लोह सोडत नाही.

आता चहा. पोहे-चहा, चपाती-चहा, जेवण झालं की पुन्हा अर्धा कप. चहातली टॅनिन वर्गातली द्रव्यं लोहाला धरून न विरघळणारा गाळ बनवतात. जेवणासोबत घेतलेला एक कप चहा शोषण निम्म्याहून कमी करू शकतो. कॉफीचा फटका जरा कमी, पण आहेच. दूध घातल्याने सुटका होत नाही. इथे वेळ महत्त्वाची आहे आणि तीही एका बाजूने. कॉफीवरच्या एका चाचणीत जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कपाने काहीच बिघडलं नाही, पण तासाभराने घेतलेल्या कपाने जेवणासोबत घेतल्याइतकंच नुकसान केलं. चहावरच्या पाहणीत तासभर थांबल्यावर अडथळा साधारण निम्मा झाला. म्हणून चहा सोडायची गरज नाही. सकाळचा पहिला कप उठल्यावर लगेच, न्याहारीच्या निदान तासभर आधी घ्या आणि जेवणानंतरचा दीड-दोन तासांनी. दुधाचा मोठा पेला आणि कॅल्शियमची गोळीही जेवणाच्या भर मध्यावर नको. जेवणातल्या वाटीभर ताकाची मात्र चिंता करू नका, भाकरी-पिठल्यासोबत ते असायलाच हवं.

लोखंडी कढईचा सल्ला खरा आहे. आंबट, पातळ आणि जास्त वेळ शिजणारा पदार्थ असेल तर भांड्यातून लोह जास्त उतरतं. 1986 मध्ये छापलेल्या अमेरिकन प्रयोगात सफरचंदाच्या सॉसमध्ये 100 ग्रॅमला 0.35 मिलिग्रॅम असलेलं लोह लोखंडी भांड्यात शिजवल्यावर 7 च्या वर गेलं. आपल्याकडे टोमॅटोची भाजी, चिंचेची आमटी हे पदार्थ त्या जातीचे; पापड-पुरी तळायला वापरलेली कढई जवळजवळ काहीच देत नाही. शिजलं की अर्ध्या तासात दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते आणि तोंडात धातूची चव येते. घासून लगेच कोरडी करा, बोटाने थोडं तेल फिरवून ठेवा. गंजलेले पापुद्रे सुटत असतील तर आधी घासून काढा. आत काचेसारखा लेप असलेली बिडाची भांडी दिसायला सुंदर, पण लोह देत नाहीत. आणि कढईतलं लोहही वनस्पतीजन्य लोहासारखंच वागतं, तेव्हा वरचे चहा-लिंबाचे नियम त्यालाही लागू.

आहाराने काय साधतं आणि काय नाही, हेही स्पष्ट असावं. स्त्रियांमध्ये 12 ग्रॅमच्या खाली (गर्भारपणात 11, पुरुषांत 13) हिमोग्लोबिन गेलं तर तो रक्तक्षय, आणि तो भरून काढायला बहुतेक वेळा गोळ्या लागतात. पण आधी कारण कळू द्या. बी-12 ची कमतरता शाकाहारी घरांत कितीतरी आहे, आणि विदर्भ, नंदुरबारसारख्या भागांत सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार. थॅलसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांतही हिमोग्लोबिन कमीच दिसतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, तेव्हा फेरिटिन (रक्तातली लोहसाठ्याची खूण) न तपासता वर्षानुवर्षं गोळ्या खाऊ नयेत. जंत असतील तर आधी जंतनाशक. अंगात कुठे संसर्ग किंवा सूज असेल तर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्यातला दरवाजा लावून घेतं. मग गोळीही म्हणावी तशी लागू पडत नाही.

सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. ती चहा किंवा दुधासोबत घेऊ नका, पाण्याने किंवा लिंबाच्या सरबताने घ्या. गर्भारपणात कॅल्शियमची गोळीही चालू असते. दोन्हींमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. शौच काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घेतलेली गोळी बऱ्याच जणींना सोसते. आठ-दहा आठवड्यांत हिमोग्लोबिन 12 वर गेलं की बहुतेक जणी गोळ्या सोडतात, आणि नेमकं तिथेच चुकतं: रक्त भरलं असलं तरी यकृतातला साठा अजून रिकामाच असतो. डॉक्टर आणखी तीन महिने घ्यायला सांगतात ते त्या साठ्यासाठी.