सिद्धी आणि यंत्र: जादूच्या जगातला नेहमीचा घोळ

आमच्याकडे नागपुरात धरमपेठेत महिन्यातून एकदा काही पोरंपोरी आपापल्या कथा वाचायला जमतात. मे महिन्याच्या बैठकीत एकीने जादूच्या नागपूरची गोष्ट वाचली. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, आणि सीताबर्डीच्या चौकात एक मांत्रिक हात उचलतो की अख्ख्या बाजारावर गारवा पसरतो. कल्पना सुरेख होती. पण दोनच पानं पुढे इतवारीतला प्रत्येक दुकानदार एक मंतरलेला माठ ठेवून बसला होता आणि त्या माठाने दुकान गार होत होतं. मी विचारलं, मग त्या मांत्रिकाला बोलावणार कोण? ती म्हणाली, "सर, जादूच आहे ना दोन्ही!"

दोन्ही जादूच, पण जात वेगळी. एक जादू माणसात वसते. ती मिळायला तप लागतं, जन्म लागतो किंवा गुरू लागतो, आणि माणूस गेला की ती त्याच्याबरोबर जाते. तिला सिद्धी म्हणू. अणिमा, महिमा वगैरे ज्या अष्टसिद्धी आपण ऐकत आलो, त्यातली एकही कुणाला उसनी देता येत नाही. दुसरी जादू वस्तूत किंवा कृतीत असते, आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याच्याही हाताखाली ती चालते. ते यंत्र. घोळ व्हायला आपली भाषाही कारण आहे. ताइतात घालायच्या पत्र्यावरची आकृतीही यंत्र आणि गिरणीतलं मशीनही यंत्र. तंत्र म्हटलं तर मांत्रिकाचंही असतं आणि तंत्रज्ञानातलंही.

यंत्राचं उदाहरण शोधायला नागपूरकराला लांब जायला नको, खिडकीला कुलर लागलेलाच असतो. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेतं, म्हणजे विजेच्या दोन तृतीयांश युनिटाएवढी. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. मुंबईच्या दमट हवेत तोच कुलर नुसता ओलसर वारा फेकतो. हे सगळं माहीत नसलेली आजीसुद्धा बटण दाबून गार झोपते. ताट्या बदलायला येणाऱ्या पोरालाही ते माहीत असायची गरज नसते. कुलर कुणाचा अधिकार विचारत नाही.

आता सिद्धीच्या नागपुरात जाऊ. मांत्रिक कितीही थोर असो, त्याच्याही दिवसाला चोवीसच तास. तो सीताबर्डीत असेल तेव्हा इतवारी तापणारच. मागणी वाढली तर कुलर जास्त बनतात आणि स्वस्त होतात. मांत्रिक मात्र महागच होत जातो. म्हणून तो बाजारात फार दिवस राहणार नाही, महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यावर जाईल आणि गारवा दरबारापुरता उरेल. सिद्धी रक्तातून येत असेल तर त्याच्या मुलीचं लग्न हा राज्याचा प्रश्न होईल. शिकून येत असेल तर गुरू शेवटचा धडा स्वतःजवळ ठेवेल, कारण त्याच्या म्हातारपणाची सोय तेवढीच. शत्रू कारखाना जाळायला येणार नाही, माणूस पळवायला येईल. आणि भोंदू माजतील. सिद्धी तपासायची तर माणसालाच तपासावं लागतं, आणि तो म्हणणार, तुमची श्रद्धा कमी पडली. खऱ्या महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो असल्याच दाव्यांनी लोकांची घरं धुतली गेली म्हणून. यंत्राच्या गावातही फसवणूक होते, पण तिथे माठ खोलीत ठेवून तासाभरात निकाल लागतो.

यंत्राचं गाव कसं उभं राहतं ते नागपूरने पाहिलेलं आहे. १८६७ साली इथे रेल्वे आली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आसपास कापूस पिकत होता, तो मुंबईला पाठवण्याऐवजी इथेच कातायचा, हा हिशेब. चरख्यावर एका वेळी एक धागा निघतो. गिरणीत एका माणसाच्या नजरेखाली शेकडो चात्या फिरतात. यात सगळे कारागीर एकदम बुडाले असं लोक समजतात, ते खरं नाही. आधी गेलं ते घरोघरी सूत कातणाऱ्या बायांचं काम. हातमागावरच्या कोष्ट्याने गिरणीचंच सूत घेतलं आणि त्यावर आपला रेशीमकाठ विणत तो पुढे पुष्कळ वर्षं टिकला. जादूच्या जगातही असंच झालं पाहिजे. नवं यंत्र आलं की सगळे मांत्रिक एका रात्रीत बेकार होत नाहीत. कुणाचं पोट जातं, कुणाला उलट कच्चा माल स्वस्त मिळतो. हा फरक ज्या कथेत दिसतो तिच्यातलं गाव मला खरं वाटतं.

खरी फसगत मात्र त्या माठापाशी आहे. माठ वस्तू आहे, कुणीही वापरू शकतो, म्हणून तो यंत्र वाटतो. पण प्रत्येक माठ मांत्रिकालाच मंतरावा लागत असेल तर ती माठात भरून ठेवलेली सिद्धीच झाली. दिवसाला तो दहा माठ मंतरत असेल तर शहराला दहाच मिळतील, आणि दुकानागणिक माठ हे चित्र खोटं ठरेल. म्हणून मी पोरांना सांगतो, वस्तू कोण वापरतं हे नंतर बघा. अंगात काही नसलेला माणूस ती बनवू शकतो का, हे आधी विचारा.

आपल्याकडे याचं फार मोठं उदाहरण होऊन गेलंय. देवीच्या रोगाची लस एडवर्ड जेन्नरने १७९६ साली टोचून पाहिली. १८०२ साली ती मुंबईत पोचली आणि तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. पण ती टिकवायची कशी? पुष्कळदा एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा, आठवड्याने त्याच्यातून तिसऱ्याला. साखळी तुटली की लस संपली. औषध सापडलं होतं, पण ते अजून माणसाच्या अंगातच राहत होतं. पुढे वासरांवर लस तयार होऊ लागली, पण उन्हात ती नासायची. विसाव्या शतकाच्या मध्याला गोठवून सुकवलेली भुकटी आली, ती आपल्यासारख्या उन्हाळ्यातही टिकायची. मग दुभंगलेल्या टोकाची साधी सुई आली, आणि थोड्या वेळात शिकवलेला माणूस गावोगाव टोचत फिरू लागला. १९७५ साली भारतातली शेवटची केस झाली, १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. जेन्नरच्या लशीने जग बदलायला पावणेदोनशेहून जास्त वर्षं घेतली, आणि त्यातला मोठा काळ ती माणसापासून सुटी होण्यात गेला.

त्या पोरीला मी एवढंच म्हटलं की तुझ्या गोष्टीतली सर्वात मोठी घटना, म्हणजे गारवा मांत्रिकातून सुटून माठात येणं, तू दोन पानांच्या मधल्या कोऱ्या जागेत टाकून दिलीस. जूनच्या बैठकीला तिने नवा खर्डा आणला. पाचपावलीतली एक कुंभारीण, अंगात कसलीच सिद्धी नाही, मांत्रिकाने फोडून टाकलेले माठ गोळा करते आणि मातीत राख किती पडली की गारवा टिकतो हे मोजत बसते. सातव्या भट्टीतला माठ आपोआप गार होतो. बातमी महालात पोचते. मांत्रिक सकाळीच तिच्या दारात येतो, आणि आत यायच्या आधी तिला विचारतो, "राख कशाची घातली, बाई?"