पाचव्या मजल्यावरचा खिडक्यांचा कारखाना

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला ६,५१४ खिडक्या आहेत. इमारत १९३१ सालची. २००९ मध्ये तिचा ऊर्जेवरचा खर्च कमी करायचं ठरलं. जुन्या खिडक्या भंगारात काढून नव्या मागवता आल्या असत्या. पण मालकांनी इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर छोटा कारखाना थाटला. दुहेरी काचेची खिडकी काढून आणायची, काचा सुट्या करून स्वच्छ धुवायच्या, मधे उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, पोकळीत हवेपेक्षा कमी उष्णता वाहणारा वायू भरायचा, कडा सील करायच्या आणि खिडकी पुन्हा जागेवर. असं साडेसहा हजार वेळा! जोडीला खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमागे उष्णतारोधक थर आणि शीतयंत्रांची डागडुजी. एकूण ऊर्जेत ३८ टक्के, म्हणजे वर्षाला ४४ लाख डॉलर वाचवायचे, असा हिशोब होता.

ऊर्जा वाचवण्याच्या कामातून रोजगार किती निघतो, याचं गणित या खिडक्यांतच आहे. वीजकेंद्रात घातलेला बराच पैसा यंत्रं आणि इंधन खाऊन टाकतात. इथे मात्र मजुरीचा वाटा मोठा, आणि काम इमारत उभी आहे तिथेच करावं लागतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार इमारतींच्या ऊर्जाबचतीत १० लाख डॉलर गुंतवले, तर ९ ते ३० रोजगार तयार होतात. एवढी तफावत कशी? मजुरी स्वस्त, तिथे तेवढ्याच पैशांत जास्त माणसं लागतात. म्हणून आकडा मोठा दिसला की लगेच हुरळून जाऊ नये.

शिवाय बिलात वाचलेला पैसा दुसरीकडे खर्च होतो आणि तिथेही काम निघतं. वीज-इंधनाच्या धंद्यात तेवढी मागणी घटते, ती वजा करायची. प्रचारपत्रकांत ही वजाबाकी सहसा नसते.

खरी अडचण वेगळीच. शेवटची खिडकी बसली की कारागीर मोकळा. पुढचं काम तयार नसेल, तर तो रोजगार हंगामीच. इटलीने २०२० मध्ये घरांच्या ऊर्जा-दुरुस्तीवर खर्चाच्या ११० टक्के करसवलत दिली. बांधकामात एकदम तेजी आली, परांच्या मिळेनाशा झाल्या, त्यांचे भाव चढले. सरकारचा बोजा १०० अब्ज युरोंपलीकडे गेला. ही सवलत बँकांना विकून घरमालकांना लगेच पैसे उभे करता येत; फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सोय नव्या कामांसाठी बंद झाली. आधीच्या सवलतींचे पैसेही अडकून बसले होते. कितीतरी इमारती परांच्यांसकट अर्धवट राहिल्या.