तूप सोडायचं की साखर? आधी वाढलंय काय ते बघा

ठाण्यात, नौपाड्यात आमच्या इमारतीत बाबांचा आणि शेजारच्या काकूंचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट एकाच आठवड्यात आला. एकूण कोलेस्टेरॉल बाबांचं 218, काकूंचं 242. दोघांनीही ‘कोलेस्टेरॉल वाढलंय’ असं म्हटलं आणि दोघांनीही साजूक तूप बंद केलं. तूप गेल्यावर बाबांचं पोट भरेना, म्हणून भात वाढला. तलावपाळीला फेऱ्या मारून आले की ‘फळ चांगलं’ म्हणून साखर घातलेला मोसंबीचा रस. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, तर रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला. बाबा खचले. इतकं मन मारून काय मिळालं, असं म्हणाले, आणि मला ते फार लागलं.

चूक त्यांच्या निग्रहात नव्हती. त्यांनी बघितलेला आकडाच चुकीचा होता. ‘एकूण कोलेस्टेरॉल’ ही बेरीज असते: एलडीएल (ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते), एचडीएल (ज्याला ‘चांगलं’ म्हणतात ते) आणि व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाहून नेणाऱ्या कणांतलं). यातलं व्हीएलडीएल बऱ्याच लॅब मोजत नाहीत, ट्रायग्लिसराइडला 5 ने भागून काढतात. बाबांच्या पहिल्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड 310 होतं, म्हणजे व्हीएलडीएल 62. एचडीएल 36. उरलं 120, ते एलडीएल. काकूंचं ट्रायग्लिसराइड 110, म्हणून व्हीएलडीएल 22, एचडीएल 52, आणि एलडीएल तब्बल 168. दोन माणसं, दोन वेगळे त्रास (बाबांना ट्रायग्लिसराइडचा, काकूंना एलडीएलचा), आणि दोघांनी एकच पथ्य धरलं होतं. (ही वजाबाकी 1972 सालच्या फ्रीडवाल्ड सूत्राची आहे. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ती लागू होत नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.)

दोन्हींना आपण ‘रक्तातली चरबी’ म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. ट्रायग्लिसराइड हे इंधन आहे. जेवणातून मिळालेली पण खर्च न झालेली ऊर्जा शरीर याच रूपात साठवतं. साखर, भात, मैदा किंवा दारू जास्त झाली की यकृत त्यापासूनही चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं. तूप न खाताही हे घडतं. उपासाची साबुदाणा खिचडी हलकी वाटते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

कोलेस्टेरॉल जाळता येत नाही. ते पेशींच्या आवरणाला, संप्रेरकांना आणि पित्ताला लागणारा मेणासारखा पदार्थ आहे, आणि त्यातलं बरंचसं यकृत स्वतःच तयार करतं. एलडीएलचे कण ते रक्तातून वाहून नेतात. कण जास्त झाले की धमन्यांच्या भिंतीत शिरून साचतात. तूप, लोणी, साय आणि नारळ यांतली संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी यकृताची हे कण रक्तातून उचलण्याची ताकद कमी करते. आपल्या वाटणातला नारळ वनस्पतीजन्य असला तरी त्याच्या तेलात सुमारे 90 टक्के संपृक्त चरबी असते. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल नाही’ या शब्दांना तर अर्थच नाही, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असतं.

म्हणून तूप आणि नारळ कमी करण्याचा खरा फायदा काकूंना होता. त्याच्या जोडीला विरघळणारा तंतू हवा: ओट्स, सातू (जव), इसबगोल, डाळी. तो आतड्यात पित्ताम्ल धरून ठेवतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 2003 साली 46 जणांवर हे तपासलं. एका गटाला साधा कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, तिसऱ्याला सोया, बदाम, वनस्पतीजन्य स्टेरॉल, ओट्स, इसबगोल, शिवाय भेंडी आणि वांगीसुद्धा. महिन्याभरात एलडीएल पहिल्या गटात 8 टक्के, गोळीच्या गटात 30.9 टक्के आणि तिसऱ्या गटात 28.6 टक्के उतरलं. गावदेवी मंडईतली भेंडी टोरोंटोच्या प्रयोगात सापडली तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पण त्या लोकांना सगळा आहार मोजून पुरवला होता. घरी इतकी घट होईलच असं मी काकूंना सांगितलं नाही.

बाबांचा रस्ता वेगळा. रस बंद, साखर बंद, भात एक वाटी, आठवड्यातून दोनदा बांगडा. वजन 78 वरून 74 वर आलं. वजन 5 ते 10 टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण 20 टक्क्यांनी कमी होऊ शकतं. बाबांचं 190 झालं. अजून 150 च्या खाली यायचं आहे.

आहाराचा गुण आला की नाही हे पडताळतानाही हा फरक लक्षात ठेवावा लागतो. ट्रायग्लिसराइड चंचल असतं, आदल्या रात्रीच्या लग्नाच्या जेवणानेही चढतं. काहीच न बदलता ते दोन दिवसांत 20 टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. त्यामुळे एका रिपोर्टवर हरखू नये, खचूही नये. बारा तास उपाशीपोटी, त्याच लॅबमध्ये, शक्यतो दोनदा मोजावं. एलडीएल त्यामानाने स्थिर असतं, पण बदल दिसायला सहा ते बारा आठवडे द्यावे लागतात. मधल्या काळात गोळी सुरू किंवा बंद केली, तर गुण आहाराचा की गोळीचा ते कळणारच नाही. आणि डॉक्टरांना न विचारता ती बंद करायचीही नसते. एलडीएल 190 च्या वर असेल तर दोष आनुवंशिक असू शकतो, तिथे पथ्यावर विसंबून थांबू नका. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो, तेव्हाही लगेच डॉक्टरांकडे.

काकूंनी आता सकाळी सातूचं पीठ ताकात कालवून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि नारळाऐवजी वाटणात थोडं दाण्याचं कूट. दहा आठवडे दिवाळीच्या आठ दिवस आधी पूर्ण होतात. तेव्हाच रक्त द्यायचं ठरलंय, घरात चकलीचं तेल तापायच्या आधी.