मालवाहू वाहनांची रस्त्यावरील तपासणी व पासिंग (मराठवाडा)

मालवाहू वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य आहे का, त्याची कागदपत्रे मुदतीत आहेत का आणि त्यावरील भार मर्यादेत आहे का, हे पाहण्यासाठी होणारी तपासणी. तिचे दोन प्रकार आहेत. एक ठरावीक मुदतीने होणारी योग्यता तपासणी. तिला व्यवहारात ‘पासिंग’ म्हणतात. दुसरी रस्त्यात अचानक होणारी. ती परिवहन विभागाचे वायुवेग पथक, मोटार वाहन निरीक्षक किंवा महामार्ग पोलीस करतात. या दोन्हींसाठी गाड्या तयार ठेवणे हा मराठवाड्यात एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील किंवा जालन्यातील मोठ्या वाहतूक कंपन्यांकडे त्यासाठी पगारी सुपरवायझर असतो. एक-दोन गाड्यांचे मालक कागद आरटीओ एजंटावर आणि गाडी मेस्त्रीवर सोपवतात. या दोघांची बहुधा भेटही होत नसल्याने कागद पक्के पण गाडी कच्ची, किंवा त्याच्या उलट, अशी अवस्था नेहमी दिसते.

पूर्वपीठिका : मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. परिवहन वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्राची सविस्तर तरतूद १९३९ च्या कायद्याच्या कलम ३८ मध्ये आली. मराठवाड्यापुरता इतिहास या दोन सालांपासून मोजणे सोयीचे असले, तरी फारसे अचूक नाही. हे दोन्ही कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे होते आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने १९३२ मध्ये बससेवा सुरू केली. मालमोटारींच्या तपासणीविषयीची माहिती त्या मानाने तुटपुंजी आहे. त्यामुळे केंद्रीय कायद्याखालील तपासणीचा आरंभ सप्टेंबर १९४८ मधील संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच धरणे अधिक योग्य वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर येथील परिवहन प्रशासन मुंबईच्या घडणीचे झाले. सध्याचा कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. छत्रपती संभाजीनगर (एमएच २०), लातूर (एमएच २४) व नांदेड (एमएच २६) येथे प्रादेशिक परिवहन कार्यालये आहेत. जालना (एमएच २१), परभणी (एमएच २२), बीड (एमएच २३), धाराशिव (एमएच २५), हिंगोली (एमएच ३८) आणि अंबाजोगाई (एमएच ४४) यांची नोंदणी मालिका वेगळी आहे.

मुदत : योग्यता प्रमाणपत्र (नमुना ३८) कायद्याच्या कलम ५६ खाली मिळते. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीला पहिली दोन वर्षे, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. त्यापूर्वी पहिली दोन वर्षे संपली की दरवर्षी गाडी लावावी लागे. प्रमाणपत्र संपलेल्या गाडीची नोंदणीच कायद्याच्या दृष्टीने वैध राहत नाही. फिटनेस संपलेल्या गाडीला अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, की मालकाला याची किंमत कळते.

भार : रस्त्यावरील तपासणीत सर्वांत महाग पडणारा दोष जादा भाराचा, आणि सर्वांत जास्त गैरसमज याच विषयात. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आसांवरील (ॲक्सलवरील) अनुज्ञेय भार वाढवला. दोन टायरच्या एकेरी आसाला ६ ऐवजी ७ टन, चार टायरच्या एकेरी आसाला १०.२ ऐवजी ११.५ टन आणि आठ टायरच्या जोडआसाला १९ ऐवजी २१ टन अशी मर्यादा झाली. त्यामुळे सहाचाकी गाडीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले. ही वाढ अधिसूचनेपूर्वी नोंदलेल्या गाड्यांना आपोआप लागू होते की नाही, यावर वाहतूकदारांत बराच वाद झाला. आर.सी.वर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जे एकूण वजन छापले आहे तेच धरावे, हे मत सुरक्षित; वजनकाट्यावर निरीक्षकही तोच आकडा पाहतो.

चूक बहुतेक वेळा रिकाम्या वजनात होते. आर.सी.वर रिकामे वजन ६.५ टन असेल तर मालक १२ टन माल भरतो. पण नोंदणीनंतर हौद्याला (माल भरण्याच्या मागच्या भागाला) जादा पट्ट्या मारलेल्या असतात, वरती दुसरी स्टेपनी, जॅक-पेटी, पाण्याची टाकी, दोन ताडपत्र्या आणि दोरखंड चढलेले असतात. गाडी प्रत्यक्षात ७.१ टनांची झालेली असते. मग १२ टनांवर काटा १९.१ टन दाखवतो आणि ६०० किलो जादा निघतात. म्हणून वर्षातून एकदा, आणि हौद्याचे काम केले की लगेच, टाकी भरून व सगळे सामान चढवून रिकाम्या गाडीचा काटा करावा आणि तीच पावती माल भरणाऱ्याच्या हाती द्यावी.

दुसरी चूक भाराच्या जागेची. एकूण वजन १८.४ टन, म्हणजे मर्यादेत. पण त्यातले १२.३ टन मागच्या आसावर असतील तर गाडी ८०० किलोंनी दोषी ठरते. जालन्याच्या सळईत हे वारंवार घडते. सळई जड असल्याने १२ टन माल हौद्याच्या तळाशीच बसतो आणि तो फाळक्याकडे (हौद्याच्या मागच्या दाराकडे) सरकलेला असला तरी वरून काही दिसत नाही. भाराचा मध्य मागच्या आसाच्या पुढेच राहिला पाहिजे. मागे गेला तर पुढचा आस उचलला जातो, स्टिअरिंग हलके लागते आणि मांजरसुंब्यासारख्या घाटात पुढच्या चाकांचा ब्रेक पकड घेत नाही. शंका असल्यास फक्त मागची चाके काट्यावर घेऊन त्या आसाचे वेगळे वजन करता येते. मात्र काट्याचा प्लॅटफॉर्म आणि लगतची जमीन एका पातळीत हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. सळईची प्रचलित लांबी १२ मीटर असल्याने ती मधोमध दुमडून भरतात. न दुमडता फाळका उघडून मागे काढलेली सळई रात्री मागून येणाऱ्याला दिसत नाही. शिवाय कलम १९४(१अ) खाली तिला २०,००० रुपये दंड आहे.

परभणी-हिंगोलीकडच्या कापसाची अडचण उलटी. वजन कमी, आकारमान जास्त. सुटा कापूस दाबून भरला की हौदा दोन्ही बाजूंना फुगतो आणि २.६ मीटर रुंदीची मर्यादा ओलांडतो. बाजूच्या फळ्यांना मधोमध साखळी किंवा आडवा रॉड बांधणे हा जुना व खात्रीचा उपाय आहे. ऊस व भिजलेली वाळू यांचे वजन पावसाने वाढते, हे वेगळे सांगायला नको.

जादा भाराला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल उतरवण्याचा खर्च वेगळा. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. वजन करण्यास नकार दिल्यास ४०,००० रुपये. निरीक्षक गाडीला काट्यावर नेण्यास सांगू शकतो, पण कलम ११४ नुसार काटा गाडीच्या पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. चालकांना हे बहुधा ठाऊक नसते. चालक मालक नसेल, तरी गुन्हा मालकाच्या माहितीने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते (कलम ११३).

ब्रेक : एअर ब्रेकची तपासणी इंजिन बंद ठेवूनच करावी. टाकीत ७-८ बार हवा भरून इंजिन बंद करावे, चाकांना ओट (अडसर) लावावी, पार्किंग ब्रेक सोडावा आणि काही मिनिटे गेजकडे पाहावे. मग पॅडल पूर्ण दाबून धरावे. पॅडल न दाबताच गेजचा काटा उतरत असेल तर गळती टाकी, व्हॉल्व्ह किंवा पाइपात. दाबल्यावरच उतरत असेल तर चाकाकडच्या बूस्टरच्या (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डबीच्या) डायफ्रामात किंवा होजमध्ये. साबणाच्या पाण्याने जागा सापडते. होज बहुधा चेसिसच्या कडेला किंवा स्प्रिंगच्या पाट्याला घासून फाटते. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडून पाणी काढावे. पावसाळ्यात हे टाळले की व्हॉल्व्ह गंजून अडकतात.

गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते याचे नेहमीचे कारण स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई जुळवणारा भाग. साध्या ॲडजस्टरमध्ये चाक जॅकवर उचलून, चाक जाम होईपर्यंत नट फिरवावा व मग चाक हाताने मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यावा. एकाच आसाच्या दोन्ही बाजूंना बूस्टरच्या दांडीची चाल सारखी यायला हवी. ऑटो ॲडजस्टर असलेल्या गाडीत हाच नट वारंवार हाताने आवळणे चुकीचे. तिथे चाल वाढत असेल तर बिघाड ॲडजस्टरमध्ये किंवा कॅमच्या बुशमध्ये असतो आणि आवळल्याने तो फक्त झाकला जातो. हबचे सील गळून लायनरवर ग्रीस आले असेल तर लायनर धुऊन भागत नाही, बदलावेच लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पासिंगसाठी २५० मीटरचा चाचणी पट्टा आवश्यक झाल्यापासून ब्रेकची परीक्षा पूर्वीपेक्षा खरी झाली आहे. स्वयंचलित चाचणी केंद्रांत रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो आणि डाव्या-उजव्यातला फरक लपत नाही. अवजड वाहनांना अशा केंद्रांची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून होणार होती. ती पुढे ढकलली गेली.

टायर, दिवे, पट्ट्या : टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. पासिंगपुरते चांगले टायर चढवून संध्याकाळी उतरवण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्याचा उपयोग प्रमाणपत्रापुरताच. समृद्धी महामार्गावर काँक्रीट, उन्हाळा आणि सलग वेग यांमुळे कमी हवेचा टायर आतून तापून फुटतो. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा तर कोणी पाहतच नाही. परावर्तक पट्टी ५० मिलिमीटर रुंद. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. लाकडी हौद्यावर रंगावर चिकटवलेली पट्टी महिन्याभरात सुटते. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लावून रिव्हेट मारावी. मागचा संरक्षक दांडा जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. फाळका उघडताना आड येतो म्हणून तो वर वेल्डिंग करून घेतात आणि तिथेच गाडी नापास होते. मागचे दिवे जाण्याचे कारण बल्बपेक्षा गंजलेली अर्थिंग अधिक वेळा असते. वेगनियंत्रक ताशी ८० किलोमीटरला, तर डंपर व घातक मालाच्या टँकरला ६० ला बांधलेला असावा.

कागदपत्रे : नोंदणी, फिटनेस, विमा, पीयूसी (प्रदूषण प्रमाणपत्र), परमिट, कर आणि चालकाचा परवाना. डिजिलॉकर व एमपरिवहनवरील प्रती २०१८ पासून ग्राह्य आहेत. पीयूसी बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना एक वर्ष, जुन्यांना सहा महिने चालते आणि नेमकी तीच विसरली जाते. नॅशनल परमिट साध्या गाडीला १२ व मल्टिॲक्सलला (दोनपेक्षा जास्त आसांच्या गाडीला) १५ वर्षांपर्यंतच मिळते. दोन चालकांची जुनी अट आता नाही. ई-वे बिल हा जीएसटीचा विषय असला तरी रस्त्यावर तेही पाहतात. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. उमरगा किंवा देगलूरकडे निघालेली गाडी वाटेत बिघडली तर ती वाढवून घ्यावी. विना परमिट वा विना नोंदणी गाडी कलम २०७ खाली अडकवून ठेवता येते. तिथे दंडापेक्षा उभ्या गाडीचे भाडे आणि आतला नाशवंत माल यांचे नुकसान जास्त होते.

ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर-ट्रेलर तत्त्वतः याच तपासणीखाली येतात. हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांवर त्यांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा होतात. ट्रेलरचे ब्रेक व जोडपिन यांच्याकडे मात्र तितके लक्ष जात नाही.